दीनांना सुवार्ता, भग्नहृदयी लोकांना दिलासा: लूक ४ वर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लूकच्या चौथ्या अध्यायावर बायबल स्टडी घेतला की प्रश्न येतच राहतात, काही अभ्यासाचे असतात आणि बरेचसे रात्री उशिरा एकट्याने बसून टाइप केलेले असतात. जे परत परत येतात त्यांची उत्तरं इथे एका जागी टाकतोय. वाचताना बायबल शेजारी उघडं ठेवा आणि संदर्भ स्वतः बघा.

१. येशू "दीनांना सुवार्ता सांगायला आलोय" असं नक्की कुठे म्हणाला?

लूक ४:१६ ते ३०. बाप्तिस्मा झाला, अरण्यातली चाळीस दिवसांची परीक्षा झाली, गालीलात त्याचं नाव व्हायला लागलं आणि मग तो नासरेथला आला, म्हणजे जिथे लहानाचा मोठा झाला त्याच गावात. शब्बाथ होता, नेहमीसारखा सभास्थानात गेला, वाचायला उभा राहिला आणि त्याच्या हातात यशया संदेष्ट्याची गुंडाळी दिली गेली. आता गुंडाळीत काही पान नंबर नसतात. १९४७ साली मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहेत यशयाची जी जुनी गुंडाळी सापडली ती सात मीटरपेक्षा जास्त लांब आहे, आणि आपण ज्याला ६१ वा अध्याय म्हणतो तो पार शेवटाकडे येतो, म्हणजे एका हाताने उलगडत आणि दुसऱ्या हाताने गुंडाळत बराच वेळ जाणार. त्याने ती जागा काढली, वाचलं (दीनांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका, आंधळ्यांना दृष्टी, ठेचलेल्यांना मोकळीक, परमेश्वराच्या कृपेचं वर्ष), गुंडाळी सेवकाला परत दिली आणि खाली बसला, कारण तेव्हा शिक्षक बसून शिकवायचे. सगळ्यांचे डोळे त्याच्याकडे. आणि तो म्हणाला, हा शास्त्रलेख आज तुमच्या ऐकण्यात पूर्ण झाला.

आपण कशासाठी आलोय हे त्याने स्वतःच्या गावात, स्वतःच्या तोंडाने सांगितलं आणि त्यात पहिलं नाव दीनांचं घेतलं. पुढचे सगळे प्रश्न यातूनच निघतात.

२. "आत्म्याने दीन" म्हणजे काय? सतत खचलेला, स्वतःला कमी समजणारा माणूस का?

नाही. "मी वाईट, माझ्यात काही नाही, मला कोण विचारतंय" असं दिवसभर घोकत बसणं म्हणजे दीनता नव्हे, त्या माणसाला वेगळी मदत लागते (प्रश्न १२ बघा). आत्म्याने दीन म्हणजे देवापुढे दाखवायला आपल्या हातात काही नाही हे ज्याला कळलंय आणि जो तरीही हात पसरतो.

लूक १८:९ ते १४ काढा. मंदिरात दोघं प्रार्थनेला गेले, एक परूशी (धर्माचे नियम काटेकोर पाळणारा) आणि एक जकातदार (कर गोळा करणारा, लोकांच्या नजरेत पापी). परूशी म्हणतो, मी आठवड्यातून दोनदा उपास करतो, सगळ्या उत्पन्नाचा दशांश देतो. आपण त्याला लगेच ढोंगी म्हणून मोकळे होतो पण तो खोटं बोलतोय असं कुठेच लिहिलेलं नाही, उपास त्याने खरंच केले असतील. त्याची प्रार्थना परत वाचा, त्यात तो देवाकडे एकही गोष्ट मागत नाही. जकातदार लांब उभा, वर बघायचं पण धाडस नाही, ऊर बडवत एवढंच म्हणतो की देवा, मज पाप्यावर दया कर. येशू म्हणतो नीतिमान ठरून घरी गेला तो हा. मत्तय ५:३ मध्ये स्वर्गाचं राज्य ज्यांचं आहे असं म्हटलंय ती हीच माणसं.

३. मग पैशाने गरीब असलेल्याचं काय? मत्तय "आत्म्याने दीन" म्हणतो, लूक सरळ "दीन" म्हणतो, दोघांत बरोबर कोण?

दोघंही बरोबर. लूक ६:२० नंतर लगेच ६:२४ ला श्रीमंतांना "हायहाय" आहे, म्हणजे लूकला रिकामा खिसा पण दिसतोय यात शंका नको. येशूच्या घरचीच परिस्थिती बघा ना, बाळ झाल्यावर मरिया आणि योसेफ मंदिरात गेले तेव्हा अर्पणात पाखरांची जोडी होती (लूक २:२४), आणि लेवीय १२:८ वाचलं की कळतं, ही सवलत ज्यांना कोकरू परवडत नाही त्यांच्यासाठी होती. शिवाय "परमेश्वराच्या कृपेचं वर्ष" म्हटल्यावर सभास्थानातल्या लोकांना लेवीय २५ मधलं पन्नासावं वर्ष, योबेल, आठवलंच असणार, ज्यात विकलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत यायची आणि गरिबीपायी दुसऱ्याच्या दारी राबणारा आपल्या घरी जायचा. त्यामुळे हे सगळं नुसतं आत्मिक आहे असं म्हणता येत नाही.

दुसऱ्या बाजूने, गरिबी म्हणजेच तारण असंही नाही. गरीब माणूसही गर्विष्ठ असू शकतो, फक्त ज्याच्याकडे टेकायला काही नाही तो हात पसरायला लवकर तयार होतो एवढंच.

मला जे मनापासून खुपतं ते सांगतो, आपल्या बऱ्याच मंडळ्यांमध्ये "याचा आत्मिक अर्थ असा" म्हणून गरिबाचा विषय पाच मिनिटांत गुंडाळला जातो आणि मग उपासनेत पुढची खुर्ची कोणाला मिळते ते आपण सगळे बघतोच. याकोब २ मध्ये सोन्याची अंगठीवाला आणि मळक्या कपड्यातला, दोघांना कुठे बसवलं हे अगदी बारकाईने लिहून ठेवलंय, ते पुढच्या रविवारी आत शिरण्याआधी वाचा.

४. भग्नहृदयी म्हणजे पापाबद्दल वाईट वाटणारा की आयुष्याने मोडलेला?

दोघंही, पण दोघांवरचा उपाय एकच नाही, आणि गडबड इथेच होते. स्तोत्र ५१ मध्ये दावीद राजा मोडलाय तो स्वतःच्या पापाने, दुसऱ्याची बायको बथशेबा हिच्याशी केलेल्या व्यभिचाराचं प्रकरण. यशया ६१ मध्ये मात्र शहर उद्ध्वस्त झालेले, सियोनेसाठी (म्हणजे यरुशलेमेसाठी) शोक करणारे, डोक्यात राख घातलेले लोक आहेत, आणि देव म्हणतो राखेच्या जागी मी शिरोभूषण देईन.

लूकच्या एकाच सातव्या अध्यायात येशू दोन्ही प्रकारच्या माणसांना भेटतो. नाईन गावाच्या वेशीवर एका विधवेच्या एकुलत्या एक मुलाची अंत्ययात्रा निघालेली, तिने काही मागितलं नाही, तिच्या विश्वासाची चौकशी झाली नाही, पापाचा तर विषयच नाही, त्याला कळवळा आला, "रडू नकोस" म्हणाला आणि तिरडीला हात लावला. त्याच अध्यायात शिमोन परूश्याच्या घरी एक पापी म्हणून ओळखली जाणारी बाई त्याचे पाय आसवांनी भिजवते, तिला तो म्हणतो, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे. आता हे उलटं करून बघा, नाईनच्या आईला "पापांची क्षमा माग" म्हटलं असतं तर? आपण दुःखात असलेल्या घरी जाऊन नेमकं हेच बोलून येतो.

५. माझ्या बायबलात लूक ४:१८ मध्ये "भग्नहृदयी" ही ओळच नाही. छपाईची चूक आहे का?

चूक नाही. लूकच्या सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत ती ओळ नाही, नंतरच्या पुष्कळ हस्तलिखितांत आहे, म्हणून काही बायबलांत ती वचनात छापतात, काहींत तळटीपेत आणि काहींत नाहीच. बहुधा नक्कल करणाऱ्याला यशया पाठ असेल आणि त्याने राहिलेली ओळ भरली असेल. यशया ६१:१ मध्ये ती आहेच, त्यामुळे शिकवणीत काही फरक पडत नाही. आणि "ठेचलेल्यांना सोडवून पाठवावं" ही ओळ यशया ५८:६ मधली आहे, ती ६१ मध्ये शोधू नका.

६. येशू वाक्य अर्धवट सोडून का थांबला?

यशया ६१:२ मध्ये कृपेच्या वर्षाला लागूनच "आमच्या देवाचा सूड घेण्याचा दिवस" असं आहे. येशू त्याच्या आधी थांबला आणि गुंडाळी बंद केली. न्याय रद्द झाला असा याचा अर्थ नाही, लूक २१:२२ मध्ये तोच येशू सुडाच्या दिवसांबद्दल बोलतो. पण त्या दिवशी, "आज" म्हणून जे जाहीर केलं त्यात फक्त कृपा होती.

नासरेथला हे पचणं सोपं नव्हतं. तिथून सहा-सात किलोमीटरवर सेप्फोरिस नावाचं शहर होतं, इ.स.पू. ४ च्या सुमारास तिथे बंड झालं तेव्हा रोमी फौजेने ते जाळलं आणि लोकांना गुलाम केलं. सभास्थानातल्या म्हाताऱ्यांनी तो धूर बघितलेला असू शकतो. ते सुडाच्या ओळीची वाट बघत बसले असतील तर मला त्यांना दोष द्यावासा वाटत नाही.

७. आधी कौतुक केलं आणि मग कड्यावरून ढकलायला निघाले, एवढं काय झालं मध्ये?

मध्ये त्याने दोन जुन्या गोष्टींची आठवण करून दिली. एलीया संदेष्ट्याच्या काळात साडेतीन वर्षं पाऊस नव्हता, इस्राएलात विधवा पुष्कळ होत्या, पण एलीयाला पाठवलं सीदोनातल्या सारफथच्या विधवेकडे. त्याच्यानंतरच्या अलीशा संदेष्ट्याच्या काळात इस्राएलात कुष्ठरोगी पुष्कळ होते, बरा झाला तो सूरियाचा नामान, म्हणजे शत्रूचा सेनापती. "हा योसेफाचा मुलगा ना" म्हणजे आपलाच पोरगा, मग आधी आपलं भलं करील, असा हिशोब होता, आणि त्याने सांगितलं की सुवार्ता गाववाल्यांच्या हक्काची नाही. यावर सगळे संतापले.

८. माझं सगळं नीट चाललंय, नोकरी, घर, मुलं. मी ना दीन ना दुःखी. मग ही सुवार्ता माझ्यासाठी नाही का?

तुमच्यासाठी पण आहे आणि त्यासाठी खोटं दुःख आणायची गरज नाही. जक्कय यरीहोतला मुख्य जकातदार, पैसेवाला माणूस, पण झाडावर चढला. इतक्या मोठ्या माणसाने पोरासारखं उंबराच्या झाडावर चढायचं म्हणजे गावभर हसू, तरी चढला कारण येशू बघायचा होता. नंतर अर्धी संपत्ती गरिबांना आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट (लूक १९). भीती कशाची बाळगायची तर प्रकटीकरण ३:१७ ची, लावदिकीयाची मंडळी म्हणते मी श्रीमंत आहे, मला काही कमी नाही, आणि प्रभू म्हणतो तू दीन, आंधळा आणि नग्न आहेस हे तुला माहीतच नाही.

९. आपल्या मराठी मुलखात हे कोणी जगून दाखवलंय का?

बरेच जण, पण मी कायम पंडिता रमाबाईंचं नाव घेतो. १८५८ चा जन्म, संस्कृत एवढं पक्कं की कलकत्त्याच्या विद्वानांनी "पंडिता" आणि "सरस्वती" म्हणून गौरवलं. आणि दुसरीकडे आईवडील दुष्काळात गेले, मग भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा गेला, पदरात छोटी मनोरमा. भग्नहृदयी म्हणजे काय हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

१८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला. पण त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळायचा बाकी होता, आणि ते पुढे काही वर्षांनी, १८९१ च्या सुमारास कळलं. एवढी विद्या असलेली बाई रिकाम्या हाताने उभी राहिली, प्रश्न २ मध्ये लिहिलंय ते हेच. १८८९ मध्ये विधवांसाठी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली आणि बायकांना घेऊन आल्या, त्यातून केडगावचं मुक्ती सदन उभं राहिलं. तिथे अन्न होतं, शिक्षण होतं, छापखान्यात आणि मागावर हाताला काम होतं, अंध मुलींना ब्रेल शिकवायचे. सुवार्ता आणि भाकरी असे दोन वेगळे विभाग तिथे नव्हते. आणि साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबलचं भाषांतर करत राहिल्या, १९२२ मध्ये वारल्या तोपर्यंत.

१०. एका सभेत सांगितलं की मोडलेलं मन बरं व्हायला आधी "विश्वासाचं बी" म्हणून पैसे द्या. द्यायचे का?

नाही द्यायचे. मत्तय १०:८ मध्ये येशू शिष्यांना म्हणतो, तुम्हाला फुकट मिळालं, फुकट द्या. यशया ५५:१ मध्ये ज्यांच्याकडे पैसा नाही त्यांनाच बोलावलंय. प्रेषित ८ मध्ये शिमोन नावाचा जादूगार पैसे देऊन देवाचं दान विकत घ्यायला गेला तेव्हा पेत्राने त्याला किती कडक शब्दांत सुनावलं ते वाचा. मंडळीला आनंदाने देणं ही वेगळी गोष्ट आहे, ते जरूर करा, पण रडणाऱ्या माणसासमोर क्यूआर कोड धरणाऱ्याला दीनांची सुवार्ता कळलेलीच नाही.

११. ज्यांच्या घरी कोणी गेलंय तिथे भेटायला गेल्यावर काय बोलायचं? मला काही सुचतच नाही.

सुचत नाही हे चांगलंच आहे, कमी बोलाल. अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या असतात, चहा फिरत असतो, त्या घरची बाई भिंतीला टेकून बसलेली असते आणि येणारा प्रत्येक जण एक वाक्य ठेवून जातो: देवाची इच्छा, देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात, आता मुलांसाठी खंबीर हो. माणूस खरं तर स्वतःची अडचण घालवायला हे बोलत असतो आणि तिला मात्र ते महिनोन्‌महिने टोचत राहतं.

येशू बेथानीला गेला तेव्हा त्याचा मित्र लाजर जाऊन चार दिवस झाले होते. लाजरच्या बहिणी मार्था आणि मरिया (ही येशूची आई नव्हे), दोघींनी एकच वाक्य ऐकवलं, प्रभू, आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. म्हणजे तक्रारच की. त्याने कोणालाही अशी कशी बोलतेस म्हटलं नाही. मार्थाला बोलायचं होतं, तिच्याशी पुनरुत्थानाबद्दल बोलला. मरिया पायावर पडून रडली, तिच्यासोबत तो रडला. थोड्या वेळात लाजरला उठवणार हे माहीत असून रडला. ईयोबाच्या मित्रांचंही तसंच, पहिले सात दिवस ते गप्प जमिनीवर बसले होते तोपर्यंत बरोबर होते, तोंड उघडलं आणि बिघडवलं.

म्हणून जा, बसा, गेलेल्या माणसाचं नाव घेऊन त्याची एखादी आठवण सांगा, प्रार्थना करू का विचारा आणि छोटी करा. आणि खरी गरज महिन्याभराने असते, सगळे पांगल्यावर. मृत्यूचा दाखला काढायला सोबत जा, बँकेत वारसाचे फॉर्म भरायला बसा, गॅसचं कनेक्शन तिच्या नावावर करून द्या, रविवारचा डबा न्या. वर्षश्राद्ध म्हणा, आठवणीची प्रार्थना म्हणा, जे काही करत असतील, त्या दिवशी फोन करा.

१२. मला डिप्रेशन आहे, गोळ्या चालू आहेत. घरचे म्हणतात विश्वास असता तर गोळ्या लागल्या नसत्या. खरं आहे का?

खरं नाही आणि कृपा करून डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करू नका. १ राजे १९ मध्ये एलीया, ज्याने कर्मेलावर स्वर्गातून अग्नी उतरताना बघितला तोच, झुडपाखाली बसून "देवा आता पुरे, माझा जीव घे" म्हणतो. देवाने त्याला झापलं नाही, झोपू दिलं. दूताने उठवून भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत खायला दिलं, आणि बोलणं नंतर, खूप नंतर. प्रेषित पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, सांगतो पोटासाठी थोडा द्राक्षारस घे, म्हणजे औषधच की. पौल लूकला "प्रिय वैद्य" म्हणतो, आणि आपण ज्या शुभवर्तमानावर बोलतोय ते त्याच लूकच्या नावाने ओळखलं जातं.

जीव द्यावासा वाटत असेल तर पास्टरची वाट बघू नका, घरातल्या एकाला आत्ता उठवा आणि टेली मानसला १४४१६ वर फोन करा, सरकारी सेवा आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असते. प्रार्थना तर चालूच राहील.

१३. "बंदिवानांना सुटका" म्हणतो, मग बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला तुरुंगातून का नाही सोडवलं? आमच्यासाठी पण का काही होत नाही?

हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे आणि विशेष म्हणजे तो स्वतः योहानानेच विचारला. हेरोदाने त्याला कोंडलं होतं, योसेफस हा यहुदी इतिहासकार सांगतो की मृत समुद्राच्या पूर्वेला मखैरस किल्ल्यात. तिथून त्याने शिष्य पाठवून विचारलं, जो येणार तो तूच का, की आम्ही दुसऱ्याची वाट बघू? (मत्तय ११, लूक ७) येशूने उत्तर पाठवलं, आंधळे बघतात, पांगळे चालतात, कुष्ठरोगी शुद्ध होतात, बहिरे ऐकतात, मेलेले उठवले जातात, दीनांना सुवार्ता सांगितली जाते. बहुतेक यशयाचेच शब्द, पण नासरेथला वाचलेली एक गोष्ट यात नाही. बंदिवानांची सुटका नाही. तुरुंगात बसलेल्या योहानाच्या ते लक्षात आलं नसेल असं मला वाटत नाही. आणि उत्तराच्या शेवटी येशू म्हणतो, जो माझ्यामुळे अडखळत नाही तो धन्य.

तरीही शिष्य वळल्याबरोबर येशू लोकांसमोर म्हणतो की स्त्रियांपासून जन्मलेल्यांत योहानापेक्षा मोठा कोणी झाला नाही. म्हणजे शंका विचारली म्हणून तो त्याच्या मनातून उतरला नाही, आणि सुटका झाली नाही म्हणजे विश्वास कमी होता असंही नाही. पुढे योहानाचं शिर उडवलं, बातमी आली तेव्हा येशू होडीत बसून एकांतात निघून गेला (मत्तय १४:१३). लोकांनी तिथेही गाठलं, त्याला त्यांचा कळवळा आला, आणि पाच हजारांना जेवू घातलं ते त्याच दिवशी.

का सोडवलं नाही याचं उत्तर शास्त्रात दिलेलं नाही, त्यामुळे मी बनवून देणार नाही. प्रेषित १२ मध्ये पण असंच आहे, एकाच हेरोदाच्या (योहानाला कोंडणारा हेरोद वेगळा) हातून याकोब तलवारीने मारला गेला आणि पेत्राच्या साखळ्या गळून पडल्या, दोघंही प्रेषित, दोघंही लाडके. पापाची आणि मरणाची सुटका पुनरुत्थानाने पक्की झाली आहे, बाकीच्या काही सुटका इथे दिसतात आणि काही शेवटच्या दिवसासाठी राहतात, एवढं मी म्हणू शकतो. तुमचं अजून काही झालं नसेल तर योहानासारखं सरळ विचारा, त्याला विचारलेलं चालतं.

१४. नवरा मारतो. मंडळीतल्या मावशी म्हणतात मोडलेलं मन देवाला आवडतं, सहन कर, वधस्तंभ उचल. मी काय करू?

ताई, आधी सुरक्षित जागी जा, माहेरी, मैत्रिणीकडे, जिथे शक्य असेल तिथे, मुलांना आणि कागदपत्रांना घेऊन. महिला हेल्पलाइन १८१, तातडीचं असेल तर ११२. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षणाचा आदेश मिळतो आणि राहत्या घरात राहायचा हक्क मागता येतो.

आता मावशींच्या बोलण्याबद्दल. देव मोडलेल्या मनाजवळ असतो असं स्तोत्र ३४:१८ म्हणतं, मन मोडणाऱ्याला मोकळीक देतो असं नाही. लूक ४:१८ मध्ये ठेचलेल्यांना सोडवायला तो आलाय, ठेचून घेत राहा असं सांगायला नाही. वधस्तंभ उचलणं म्हणजे ख्रिस्तासाठी सोसणं, दारू पिऊन आलेल्या माणसाचा मार खाणं त्यात बसत नाही. आणि येशूने स्वतः काय केलं ते बघा, नासरेथकर त्याला कड्यावरून ढकलायला घेऊन गेले तेव्हा तो त्यांच्यामधून निघून गेला. योहान ८:५९ मध्ये दगड उचलले तेव्हा बाजूला झाला, योहान १०:३९ मध्ये परत त्यांच्या हातून निसटला. वधस्तंभावर तो स्वतःच्या मर्जीने, स्वतःच्या वेळी गेला.

क्षमेचं नंतर बघू, क्षमा करणं आणि त्याच घरात परत जाणं या दोन गोष्टी एक नाहीत आणि त्याची घाई तुम्हाला कोणीही करू नये, पास्टरनेसुद्धा. मंडळीत एखादी विश्वासू बाई असेल तर तिला सोबत घेऊन पोलीस ठाण्यात किंवा संरक्षण अधिकाऱ्याकडे जा, एकटीने जाऊ नका.